वाटणीनंतरचा कायदा

२०२० सालच्या जानेवारीची ३१ तारीख. लंडनमध्ये रात्रीचे अकरा वाजले, ब्रुसेल्समध्ये त्याच क्षणी मध्यरात्र झाली, आणि ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडले. सत्तेचाळीस वर्षांचा संसार त्या घटकेला संपुष्टात आला. कोणी आनंद साजरा केला, कोणी हळहळ व्यक्त केली. परंतु त्या रात्रीही पोलादाच्या भट्ट्यांपाशी, गोद्यांमध्ये, इस्पितळांत आणि रसायनांच्या कारखान्यांत नेहमीप्रमाणे रात्रपाळी चालूच होती. तेथे राबणाऱ्या माणसाच्या हातांतील मोजे, यंत्रावरील संरक्षक जाळी, ओझे कसे उचलावे आणि आठवड्यात किती तास काम करावे यांविषयीचे नियम, यांपैकी कित्येकांचा उगम युरोपात झालेला होता. घर वेगळे झाले. मग या नियमांचे काय झाले, असा प्रश्न साहजिकच मनात येतो. त्याच प्रश्नाचा विचार आपण येथे करणार आहोत.

वरवर पाहता हा प्रश्न परक्याच्या घरचा आहे. तरी मराठी श्रोत्यांनी त्याकडे लक्ष द्यावे, याला दोन कारणे आहेत. ब्रिटनमधील इस्पितळांत, कारखान्यांत आणि कार्यालयांत काम करणारी मराठी माणसे आज थोडीथोडकी नाहीत. कामाच्या जागी त्यांच्या जीविताचे रक्षण याच कायद्याने होते. दुसरे कारण असे की, एका मोठ्या सत्तेच्या छत्राखालून बाहेर पडल्यावर तिच्या काळातील कायद्यांचे काय करावयाचे, हा प्रश्न १९४७ साली आपल्याही पुढे उभा होता. आपण तो कसा सोडविला, हे पुढे ओघाने येईलच.

एकत्र कुटुंबाची वाटणी होते, तेव्हा शेत, बैल, भांडीकुंडी यांची मोजदाद करून ती वाटता येतात. विहिरीचे मात्र तसे नसते. तिचे पाणी कोणी कोणत्या दिवशी घ्यावे, हे ठरविता येते. पण दर उन्हाळ्यात तिचा गाळ कोणी काढावयाचा, ही गोष्ट वाटणीपत्रात बहुधा राहून जाते. पहिली दोन-तीन वर्षे कोणाला त्याची जाणीवही होत नाही, कारण पाणी असते. कामगारांच्या सुरक्षेचा कायदा हा अशा विहिरीसारखा आहे. तो राखून ठेवणे एका दिवसात साधते. तो वापरण्याजोगा ठेवणे हे वर्षानुवर्षांचे काम असते. ब्रिटनच्या गेल्या काही वर्षांच्या अनुभवातून हीच गोष्ट स्पष्ट होते.

प्रथम हे सांगितले पाहिजे की, कामगारांच्या सुरक्षेचा विचार ब्रिटनने युरोपाकडून उसना घेतलेला नव्हता. पगारी कारखाना निरीक्षक नेमण्याची पद्धत तेथे १८३३ च्या कायद्याने सुरू झाली. त्यानंतर सव्वाशे-दीडशे वर्षांत खाणी, गिरण्या, दुकाने, शेती अशा एकेका धंद्यापुरते कायदे होत गेले आणि त्यांचे एक भलेमोठे गाठोडे झाले. कोठे कोणता नियम लागू आहे, हे निरीक्षकालाही उमगेना. १९७० साली शासनाने लॉर्ड रॉबेन्स यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. हे रॉबेन्स राष्ट्रीय कोळसा मंडळाचे अध्यक्ष होते. १९६६ च्या ऑक्टोबरमध्ये वेल्समधील अ‍ॅबरफॅन या गावावर खाणीतील मातीदगडाचा ढिगारा कोसळला आणि त्याखाली १४४ माणसे गाडली गेली. त्यांत ११६ मुले होती. तो ढिगारा याच मंडळाच्या ताब्यातील होता. सुरक्षेच्या नव्या विचाराचे जनकत्व अशा गृहस्थाकडे जावे, हा इतिहासाचा एक विचित्र योग म्हणावा लागेल.

रॉबेन्स समितीने १९७२ साली आपला अहवाल दिला. तिचे म्हणणे थोडक्यात असे होते की, प्रत्येक यंत्रासाठी निराळा नियम लिहीत बसण्याऐवजी, जो धोका निर्माण करतो त्याच्यावरच तो आवरण्याची जबाबदारी टाकावी. आणि कामगारांनाही त्या विचारात सामील करून घ्यावे. या विचारावर आधारलेले विधेयक पार्लमेंटपुढे असतानाच, १ जून १९७४ रोजी फ्लिक्सबरो येथील रसायनांच्या कारखान्यात प्रचंड स्फोट होऊन २८ माणसे मृत्यू पावली. पुढच्याच महिन्याच्या अखेरीस ‘कामाच्या जागी आरोग्य व सुरक्षा’ यांविषयीचा १९७४ चा कायदा संमत झाला. ‘हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्ह’ हे त्याची अंमलबजावणी पाहणारे कार्यालय १९७५ च्या आरंभापासून काम करू लागले. आपण त्याला सोयीसाठी सुरक्षा कार्यालय म्हणू.

या कायद्याचा आत्मा एका लहानशा शब्दसमूहात आहे: ‘वाजवीपणे शक्य असेल तेवढे’. मालकाने कामगाराचे रक्षण वाजवीपणे शक्य असेल तेवढे केले पाहिजे. याचा अर्थ १९४९ सालीच एका खाणकामगाराच्या मृत्यूच्या खटल्यात अपील न्यायालयाने लावून ठेवला होता. तराजूच्या एका पारड्यात धोका घालावा, दुसऱ्या पारड्यात तो टाळण्यासाठी लागणारा पैसा, वेळ आणि कष्ट घालावेत. दुसरे पारडे अगदीच जड, पहिल्याच्या मानाने फारच जड ठरले, तरच मालकाची सुटका होते. नुसता खर्च येतो एवढी सबब पुरत नाही.

ब्रिटन १ जानेवारी १९७३ रोजी तेव्हाच्या युरोपीय आर्थिक समुदायात, म्हणजे त्या काळी ज्याला ‘कॉमन मार्केट’ म्हणत त्या बाजारसंघात, सामील झाले होते. परंतु कामगारांच्या सुरक्षेविषयी त्या समुदायाला खरे बळ आले ते १९८७ नंतर. त्या वर्षी अंमलात आलेल्या करारान्वये कामाच्या जागेच्या आरोग्याविषयीचे निदेश बहुमताने काढता येऊ लागले. निदेश म्हणजे सदस्य राष्ट्रांना घातलेली एक अट: अमुक इतके रक्षण झालेच पाहिजे, मग ते आपापल्या देशाच्या कायद्याने कसे करावयाचे ते तुम्ही ठरवा. जून १९८९ मध्ये असा एक पायाभूत निदेश निघाला. प्रत्येक मालकाने आपल्या कामातील धोक्यांची आधीच छाननी करावी, हे त्याचे मुख्य सूत्र होते. त्याच्या आणि त्याच्या मागोमाग आलेल्या निदेशांच्या आधारे ब्रिटनने सहा नियमावल्या केल्या आणि त्या १ जानेवारी १९९३ पासून लागू झाल्या. धोक्याची छाननी, कामाची जागा, यंत्रसामग्री, संरक्षक साधने, हाताने ओझे उचलणे आणि पडद्यासमोर बसून करावयाचे काम, असे त्यांचे विषय होते.

सगळेच काही गोडीगुलाबीने झाले असे नाही. कामाचे तास हा आरोग्याचा प्रश्न आहे की धंद्याचा, यावरून ब्रिटन युरोपीय न्यायालयात गेले आणि १९९६ च्या नोव्हेंबरमध्ये बहुतांशी हरले. आठवड्याला सरासरी ४८ तासांची मर्यादा घालणारी नियमावली तेथे १९९८ साली आली. मात्र कामगाराने लेखी संमती दिल्यास ती मर्यादा ओलांडण्याची मुभा ब्रिटनने राखून ठेवली. उलट, ‘वाजवीपणे शक्य असेल तेवढे’ हे शब्द फार सैल आहेत, अशी तक्रार युरोपीय आयोगाने केली, तेव्हा २००७ च्या जूनमध्ये न्यायालयाने ती फेटाळली आणि ब्रिटनचे शब्द कायम राहिले. म्हणजे देवघेव दोन्ही बाजूंनी होती.

या देवघेवीत आपल्या देशातील एका दुःखद घटनेचाही वाटा आहे. १९७६ साली इटलीतील सेव्हेसो येथे विषारी वायूचा ढग पसरल्यानंतर, मोठ्या अपघातांचा संभव असलेल्या कारखान्यांविषयी युरोपाने १९८२ मध्ये एक निदेश काढला. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळची वायुदुर्घटना घडली आणि १९८७ साली तो निदेश अधिक कडक करण्यात आला. एका देशात माणसे मरतात आणि दुसऱ्या देशातील नियम बदलतात. सुरक्षेच्या कायद्याची वाढ जगभर बहुधा अशीच झालेली आहे.

आता वाटणीकडे वळू. जून २०१६ च्या सार्वमतात सुमारे ५२ टक्के मतदारांनी बाहेर पडण्याच्या बाजूने कौल दिला. अर्ध्या शतकात साचलेला युरोपीय कायदा एका रात्रीत पुसून टाकला, तर कारखान्यांपासून विमानतळांपर्यंत सर्वत्र पोकळी निर्माण झाली असती. म्हणून २०१८ साली पार्लमेंटने असे ठरविले की, निघण्याच्या वेळी जो कायदा लागू असेल तो तसाच ब्रिटनचा स्वतःचा कायदा म्हणून चालू राहील. नंतर हवे ते ठेवता येईल, नको ते टाकता येईल. प्रत्यक्षात ३१ डिसेंबर २०२० पर्यंत संक्रमणकाळ होता. तोवर युरोपीय नियम पूर्ववत चालले आणि नंतर ही व्यवस्था लागू झाली.

कामगारांच्या सुरक्षेपुरते पाहिले तर यातील बराच भाग सोपा गेला. सहा नियमावल्या आणि त्यांची भावंडे ही १९७४ च्या मूळ कायद्याच्या आधारे केलेल्या ब्रिटिश नियमांच्या रूपातच होती. त्यांतील ‘सदस्य राष्ट्र’, ‘युरोपीय आयोगास कळवावे’ असे शब्द तेवढे बदलावे लागले. १ जानेवारी २०२१ च्या सकाळी कामावर आलेल्या मजुराच्या हक्कांत तसूभरही फरक पडला नाही. विहीर होती, आणि तिला पाणीही होते.

अडचण आली ती निराळ्याच ठिकाणी. काही कायदे असे असतात की, ते नुसत्या कागदावर जगू शकत नाहीत. त्यांच्यामागे एखादी संस्था, प्रयोगशाळा, माहितीचे भांडार उभे असावे लागते. रसायनांविषयीचा युरोपीय कायदा हा त्याचा उत्तम नमुना होय. ‘रीच’ या नावाने ओळखला जाणारा हा कायदा २००७ पासून अंमलात आला. रसायन तयार करणाऱ्याने किंवा आयात करणाऱ्याने त्याच्या गुणदोषांची, विषारीपणाची आणि ते सुरक्षितपणे कसे हाताळावे याची माहिती दाखल करावी, नाहीतर त्याला बाजारात जागा नाही, असा त्याचा दंडक आहे. ही माहिती फिनलंडची राजधानी हेल्सिंकी येथील युरोपीय रसायन संस्थेत साठविली जाते. वीस हजारांहून अधिक पदार्थांची नोंद तेथे आहे, आणि तिच्यामागे उद्योगांनी चाचण्यांवर केलेला प्रचंड खर्च आहे.

ब्रिटनने या कायद्याची आपली स्वतंत्र प्रत केली आणि ती चालविण्याचे काम सुरक्षा कार्यालयाकडे सोपविले. परंतु हेल्सिंकीच्या भांडाराची किल्ली काही त्याला मिळाली नाही. दार घरी आणले. कोठार मागेच राहिले. तीच माहिती ब्रिटनमध्ये नव्याने दाखल करावयाची, तर कारखानदारांना ती तिच्या मालकांकडून पुन्हा विकत घ्यावी लागणार होती. साहजिकच ओरड झाली आणि माहिती दाखल करण्याच्या मुदती २०२३ साली पुढे ढकलण्यात आल्या. ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने २०२२ च्या मे महिन्यात याच विषयावर अहवाल दिला. युरोपातील माहितीशी असलेला संबंध तुटल्याने आणि विषशास्त्रासारख्या विषयांतील अनुभवी तज्ज्ञ सहजी मिळत नसल्याने सुरक्षा कार्यालयाच्या कामात अडचणी येत आहेत, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. ज्या रसायनाविषयी माहिती नाही त्याच्यावर नियंत्रण ठेवता येत नाही, आणि ते हाताळणाऱ्या कामगाराला त्या अज्ञानाची किंमत आपल्या फुप्फुसांनी आणि कातडीने द्यावी लागते.

भूगोलानेही एक पेच घातला. उत्तर आयर्लंडचा सुरक्षेचा कायदा आणि तेथील कार्यालय ही आधीपासूनच निराळी होती. आयर्लंडच्या प्रजासत्ताकाशी असलेली सीमा खुली राहावी म्हणून तेथे वस्तूंविषयीचे युरोपीय नियम चालू ठेवण्याचे ठरले. त्यात ‘रीच’चाही समावेश आहे. त्यामुळे एकाच राज्यात समुद्राच्या अलीकडे एक रसायन-कायदा आणि पलीकडे दुसरा, असे दृश्य दिसू लागले. संरक्षक टोपी, पट्टे, यंत्रे यांवरील शिक्क्याची कथाही अशीच आहे. युरोपीय ‘सीई’ शिक्क्याऐवजी आपला स्वतंत्र शिक्का असावा असे ब्रिटनने ठरविले, त्याच्या मुदती वारंवार लांबविल्या, आणि अखेर ऑगस्ट २०२३ मध्ये, बहुतेक वस्तूंना युरोपीय शिक्का बेमुदत चालेल, असे शासनाने जाहीर केले. स्वतंत्र होणे आणि स्वतंत्र यंत्रणा पोसणे यांतील अंतर उद्योगधंद्यांच्या हिशेबवहीत लवकर दिसून येते.

मध्यंतरी एक मोठे संकट टळले, त्याचाही उल्लेख केला पाहिजे. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये शासनाने एक विधेयक मांडले. युरोपीय उगमाचे जे नियम मंत्री मुद्दाम राखून ठेवणार नाहीत, ते ३१ डिसेंबर २०२३ रोजी आपोआप रद्द होतील, अशी त्यात तरतूद होती. कोणताही निर्णय न होता, केवळ नजरचुकीने, एखादी सुरक्षेची नियमावली नाहीशी होण्याचा धोका त्यात होता. कामगार संघटनांनी, सुरक्षाक्षेत्रातील व्यावसायिकांनी आणि कायदेपंडितांनी त्यावर टीका केली. मे २०२३ मध्ये शासनाने आपले धोरण बदलले आणि जे रद्द करावयाचे अशा सुमारे सहाशे नियमांची यादीच जोडली. उरलेले सारे कायम राहिले. सुरक्षेच्या मुख्य नियमावल्या त्या यादीत नव्हत्या. मौनाने कायदा मरू नये, मारावयाचा तर त्याचे नाव घेऊन मारावा, हे तत्त्व अशा रीतीने टिकले.

मग प्रत्यक्षात बदलले काय? दोन उदाहरणे पाहू. पहिले कामगारांच्या लाभाचे आहे. घरोघरी माल पोचविणारे, भाड्याच्या गाड्या हाकणारे असे जे लोक पूर्ण अर्थाने नोकर नसतात आणि पूर्ण अर्थाने स्वतंत्रही नसतात, त्यांना संरक्षक साधने पुरविण्याचे बंधन ब्रिटनच्या नियमांत नव्हते. करोनाच्या साथीत हा प्रश्न ऐरणीवर आला. नोव्हेंबर २०२० मध्ये, म्हणजे संक्रमणकाळ संपण्यास जेमतेम सात आठवडे उरले असताना, उच्च न्यायालयाने निर्णय दिला की, युरोपीय निदेशांनी दिलेले रक्षण या लोकांपर्यंत पोचविण्यात शासन कमी पडले आहे. त्यानुसार ६ एप्रिल २०२२ पासून नियमावली दुरुस्त झाली. जुन्या घराने जाता जाता दिलेले हे देणे नव्या घराने चुकते केले, ही समाधानाची गोष्ट आहे.

दुसरे उदाहरण उलट दिशेचे. प्रत्येक कामगाराच्या दैनंदिन कामाच्या तासांची विश्वसनीय नोंद ठेवणारी पद्धत मालकाने उभारली पाहिजे, असे युरोपीय न्यायालयाने २०१९ साली ठरविले होते. २०२४ च्या आरंभापासून ब्रिटनने आपल्या नियमांत असे स्पष्ट केले की, मर्यादा पाळल्या जात आहेत हे अन्य रीतीने दाखविता येत असेल, तर रोजची तशी नोंद आवश्यक नाही. कारकुनी कमी झाली, असे मालकवर्ग म्हणतो. जास्तीच्या तासांचा वाद उपस्थित झाला, तर कामगाराने पुरावा कोठून आणावा, असा प्रश्न उरतोच.

परंतु सर्वांत महत्त्वाचा फरक याहून निराळा आहे, आणि तो कोणत्याही कलमात सापडणार नाही. ब्रिटनने नियम मोडले नाहीत. युरोपाचे नियम पुढे गेले. अ‍ॅस्बेस्टॉसचे उदाहरण घ्या. या तंतूंनी होणाऱ्या फुप्फुसावरणाच्या कर्करोगाने ब्रिटनमध्ये आजही वर्षाकाठी दोन हजारांहून अधिक माणसे दगावतात. त्याच्या वापरावर तेथे १९९९ साली पूर्ण बंदी आली. पण जुन्या शाळा, इस्पितळे, कार्यालये यांच्या भिंतींत आणि छतांत तो अजून आहे, आणि दुरुस्ती करणाऱ्या सुताराला, वीजकामगाराला, नळकाम करणाऱ्याला तो भेटतो. हवेत दर घन सेंटिमीटरला ०.१ तंतू ही मर्यादा युरोपात आणि ब्रिटनमध्ये होती. २०२३ साली युरोपीय संघाने ती दहापटीने उतरवून ०.०१ वर आणण्याचे ठरविले आणि सदस्य राष्ट्रांना त्यासाठी डिसेंबर २०२५ पर्यंतची मुदत दिली. ब्रिटनच्या २०१२ च्या नियमावलीतील आकडा मात्र ०.१ हाच राहिला.

हे आकडे ऐकावयास क्षुल्लक वाटतात. त्यांचा अर्थ असा पाहा. अंगमेहनत करणारा माणूस आठ तासांच्या पाळीत सुमारे दहा घनमीटर हवा श्वासावाटे घेतो, असे या शास्त्रात धरतात. दहा घनमीटर म्हणजे एक कोटी घन सेंटिमीटर. तोंडावर मुखवटा नसेल, तर पहिल्या मर्यादेतील हवेतून दिवसाला दहा लाख तंतू आत जातील. दुसऱ्या मर्यादेतील हवेतून एक लाख. न्याय्य म्हणून हेही सांगितले पाहिजे की, ब्रिटनमध्ये ही मर्यादा म्हणजे तेथवर धूळ उडविण्याचा परवाना नव्हे. तिच्या खालीही, वाजवीपणे शक्य असेल तेवढी, धूळ कमी करण्याचे कर्तव्य राहतेच. धोकादायक कामाला परवानाधारक ठेकेदार लागतो. तरीही निरीक्षकाच्या हातात आकडा असणे आणि तत्त्व असणे यांत फरक आहे. आकडा मोजता येतो. तत्त्वावर वाद घालावा लागतो. शिशाच्या बाबतीतही असेच झाले. युरोपाने २०२४ मध्ये हवेतील शिशाची मर्यादा घनमीटरला ०.१५ मिलिग्रॅमवरून ०.०३ वर आणली, तेव्हा ब्रिटनमध्ये २००२ च्या नियमावलीतील ०.१५ हाच आकडा लागू होता.

या ठिकाणी कोणी विचारील की, बाहेर पडताना झालेल्या करारात याची तजवीज नव्हती काय? ती होती, पण मर्यादित. २४ डिसेंबर २०२० रोजी ठरलेल्या व्यापार व सहकार्य करारात असे म्हटले आहे की, परस्परांच्या व्यापारावर किंवा गुंतवणुकीवर परिणाम होईल अशा रीतीने कोणत्याही पक्षाने संक्रमणकाळाच्या अखेरीस असलेले कामगारांचे रक्षण कमी करू नये. आरोग्य आणि सुरक्षा यांचा त्यात समावेश आहे. मागे येऊ नका, एवढे हे वचन आहे. पुढे चला, असे ते सांगत नाही. सहजीवनात विहिरीचा गाळ कोणीतरी काढीत होते. ब्रुसेल्सची समिती, लक्झेंबर्गची सल्लागार सभा, स्पेनमधील बिल्बाओ येथील सुरक्षा संस्था मिळून आकडे तपासीत होत्या, आणि त्यांत ब्रिटनचे तज्ज्ञही मानाने बसत होते. आता ते काम एकट्याने करावयाचे आहे.

ते अशक्य आहे असे मुळीच नाही. सुरक्षा कार्यालयाची डर्बीशरमधील बक्स्टन येथील प्रयोगशाळा नामांकित आहे. १९७४ साली ब्रिटनमध्ये ६५१ नोकरदार कामावरील अपघातांत मरण पावले. २०२४-२५ या वर्षात स्वयंरोजगारींची गणना धरूनही हा आकडा १२४ होता. खाणी आणि जड उद्योग घटले हेही त्याचे एक कारण आहे, परंतु एकमेव नव्हे. ज्या देशाने हे साधले त्याला नवे आकडे ठरविण्याची बुद्धी नाही, असे कोण म्हणेल? प्रश्न बुद्धीचा नसून नेटाचा, माणसांचा आणि पैशाचा आहे.

आपला स्वतःचा अनुभव हेच सांगतो. १९४७ च्या भारतीय स्वातंत्र्याच्या कायद्याने येथील प्रचलित कायदे चालू ठेवले, आणि १९५० च्या आपल्या राज्यघटनेने ३७२ व्या अनुच्छेदाने तेच केले. शब्द बदलणारे आदेश १९४७ आणि १९५० साली निघाले. २०१८ साली वेस्टमिन्स्टरने जी युक्ती योजिली, ती आपल्याकडे सत्तर वर्षांपूर्वीच रुळलेली होती. परंतु आपण तेथेच थांबलो नाही. ब्रिटनच्या १९३७ च्या कायद्याचा साचा समोर ठेवून १९४८ चा आपला कारखाने अधिनियम रचला गेला. कारखान्यांविषयी सल्ला देणारे मध्यवर्ती कार्यालय १९४५ पासूनच होते. पुढे मुंबईत शीव येथे सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूट उभी राहिली. उसना घेतलेला कायदा आपला व्हावा म्हणून आपली प्रयोगशाळा आणि आपले तज्ज्ञ हवेत, ही दृष्टी त्यामागे होती.

आणि तरीही भोपाळ घडले. कायदा पुस्तकात होता. हजारो जीव मात्र वाचले नाहीत. त्यानंतर १९८७ साली अधिनियमात धोकादायक प्रक्रियांविषयी नवे प्रकरण घातले गेले, रसायनांच्या मर्यादांची अनुसूची आली, आणि धोक्याची माहिती मिळण्याचा कामगाराचा हक्क मान्य झाला. गाळ उपसला गेला, पण विहिरीने बळी घेतल्यानंतर. २०२० च्या संहितेने त्या अधिनियमाची जागा घेतल्यावरही आपल्यापुढचा प्रश्न तोच राहतो: निरीक्षक किती आहेत, ते कारखान्यात जातात किती वेळा, आणि आकडे कोण तपासतो?

ब्रिटनच्या वाटणीचा निवाडा आज करता येणार नाही, याचे एक कारण शरीरशास्त्रात आहे. अ‍ॅस्बेस्टॉसचा तंतू फुप्फुसात गेल्यापासून रोग प्रगट होईपर्यंत बहुधा तीस-चाळीस वर्षे लोटतात. आज एखाद्या जुन्या शाळेच्या छताला भोक पाडणारा पंचविशीतील वीजकामगार तो तंतू आत घेईल, तर त्याची नोंद २०६० च्या सुमारास इस्पितळाच्या वहीत होईल. तोवर ज्यांनी हे कायदे राखले, बदलले किंवा तसेच राहू दिले, ते बहुतेक सारे निवृत्त झालेले असतील. म्हणून संघात राहावे की बाहेर पडावे, या वादाचा निकाल कोणाच्याही बाजूने लागो. बाहेर पडल्यावर दरवर्षी पार्लमेंटमध्ये कोणीतरी उभे राहून विचारले पाहिजे की, शेजाऱ्यांनी आकडा उतरविला, आपण काय केले, आणि केले नसेल तर का केले नाही. हा प्रश्न विचारण्याची सवय टिकली, तर कायदा जागता राहील.